मामांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स

लिनक्स पहिल्यांदा अडकलं ते एकतीस टक्क्यांवर. दुसऱ्यांदा चौसष्टवर. तिसऱ्यांदा तर भाषा निवडायच्या पानावरच स्क्रीन काळी झाली आणि मशिन आपलं आपण पुन्हा सुरू झालं. मिरजगावात आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबची मी सहायक आहे. लॅबमधल्या वीस-बावीस मशिनवर मी हे लिनक्स चढवायचं काम केलेलं आहे आणि कंटाळा येण्यापलीकडे त्यात मला कधी काही झालेलं नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीतल्या त्या रविवारी सकाळी नऊला बसतानाच मी घरात सांगून टाकलं होतं, साडेदहापर्यंत मामा टायपिंग करायला लागतील.

साडेदहाला मी चौथ्यांदा पेन ड्राइव्ह लावत होते.

मामा म्हणजे माझे सासरे. श्रावणात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. नगरला तीन आठवडे दवाखान्यात होते, मग घरी आणलं. पाय हळूहळू हलायला लागला, दिवाळीपर्यंत पाठीशी उशी देऊन बसायलाही लागले. पण उजवा हात मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडून असायचा आणि तोंडातून ‘बा… ब्बा’ याखेरीज काही निघत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोक्यात शब्द शाबूत आहेत, फक्त जिभेला वळत नाही. आम्ही हे ऐकून हायसं वाटून घेतलं. मामांना मात्र त्यात हायसं वाटण्यासारखं काही नसावं. शब्द डोक्यात शाबूत असणं आणि बाहेर न येणं ही काही सोय नाही.

नवरात्रापासून त्यांनी एक खूण सुरू केली. डावा हात खाटेवरून खाली सोडायचा, बोट जमिनीकडे करायचं आणि फरशीवर दोनदा थापटी मारायची. दिवसातून दोनतीनदा, संध्याकाळी जरा जास्तच. मी खाली वाकून पाहिलं. चष्मा पडलाय का? नाही. भांडं हवंय? नाही. मुंग्या झाल्यात? मान जोरात नाही म्हणाली. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, ही खूण पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांच्या हातातला पेला खाली पडला.

मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन त्या म्हणाल्या, “भुईवर घ्या म्हनत्यात.”

“आत्या, काहीतरीच.”

“काहीतरीच न्हाई. तेंच्या आईनंबी असंच केल्तं. बोट खाली दावलं. आमाला कळलं न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी गेली, खाटंवरच. खाली घ्यायला कुनाला सुधरलं न्हाई. आयुष्यभर ते ह्यांच्या मनात ऱ्हायलंय.”

माणूस जायला टेकलं की त्याला खाटेवरून उचलून जमिनीवर घेतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तेव्हापासून आत्यांनी त्या खुणेकडे बघणंच सोडलं. मामांचा हात खाली गेला की त्या उठून आत जायच्या. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. बेलापूरच्या त्यांच्या नणंदेला, मामांच्या बहिणीला, निरोप गेला. ती एसटीने आली, आठ दिवस राहिली आणि येताना पिशवीत गंगाजलाची तांब्याची लोटी घेऊन आली होती, हे मला ती गेल्यावर कळलं.

मामांना सरळ विचारायचं, की तुम्हाला भुईवर घ्यायचं आहे का? मान हलवता येत होती त्यांना. पण तो एक प्रश्न आत्या विचारू देईनात. आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्यामागे विचारला नाही. उत्तर हो आलं असतं तर पुढे काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

मग बाकीचे उपाय केले. पाटी-पेन्सिल दिली, डाव्या हाताने उमटलेल्या रेघा त्यांनाच वाचता येईनात. मोबाईल दिला, त्यांच्या बोटाखाली एका वेळी चार अक्षरं यायची. शाळेतून बाराखडीचा तक्ता आणला आणि म्हटलं, एकेक अक्षर दाखवा. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं. ‘क कमळाचा’. मग डाव्या हाताने तो उचलून दारापर्यंत फेकला. चाळीस वर्षं तालुक्याच्या कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करणाऱ्या माणसाला मी कमळावर बोट ठेवायला सांगत होते. माझ्याही लक्षात यायला हवं होतं.

त्याच दुपारी मी त्यांना औषध द्यायला गेले तर त्यांचे डोळे मिटलेले होते आणि डाव्या हाताची बोटं गोधडीवर हलत होती. मला वाटलं, कंप आहे. मग नीट पाहिलं. कंप नव्हता. करंगळी, मधलं बोट, पुन्हा करंगळी, अंगठा. अंगठा म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा. ते टाइप करत होते. जुन्या मराठी टाइपरायटरची बटणं मलाही पाठ आहेत, म्हणून मी तिथंच बसून वाचायचा प्रयत्न केला. पण अर्धी अक्षरं उजव्या हाताची. उजवा हात मांडीवर पडलेला. मला प्रत्येक शब्दाचा निम्माच भाग मिळत होता.

टाइपरायटरची बटणं मला पाठ आहेत, कारण ती मामांनीच शिकवली. लग्न होऊन आले तेव्हा मी बारावी पास होते. तेव्हा सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. मी दारामागून बोलायची आणि तेही आत्यांशी. एक दिवस मामांनी टाइपरायटर घरी आणला, बाहेरच्या खोलीत ठेवला आणि आत्यांना म्हणाले, “तिला सांग, उद्यापासून पहाटे एक तास बसायचं. परीक्षा दिली तर कुठंतरी चिकटेल.” मी बसले. माझे हात बटणांवर आणि हातांवर टॉवेल, बटणं दिसू नयेत म्हणून. मामा पाठमोरे बसून वर्तमानपत्र वाचायचे आणि नुसत्या आवाजावरून चूक ओळखायचे.

“तिला सांग, करंगळी वापर.”

आत्या चुलीपासून ओरडायच्या, “करंगळी वापर म्हनत्यात!”

“तिला सांग, पळू नको.”

“पळू नगं म्हनत्यात! आन् अगं, दूधबी बघ.”

अशा रीतीने, तीन माणसांनी मिळून, मी टायपिंगची परीक्षा पास झाले. शाळेतली नोकरी त्याच कागदावर मिळाली. हे मी मामांना कधी बोलून दाखवलेलं नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही आणि मलाही ते जमत नाही.

तर कॉम्प्युटर. टाइपरायटर भंगारात गेल्यावर मामांनी हा जुना डबा घेतला होता. त्याचा कीबोर्ड जाडजूड, खोल दबणारा, बटणांवर मराठी अक्षरांच्या चिकटवलेल्या चकत्या. मी आधी शाळेचा लॅपटॉप आणून पाहिला, पण त्याची सपाट बटणं मामांच्या बोटाखाली घसरत होती. आणि हा कीबोर्ड लॅपटॉपला लागेना, कारण त्याची पिन जुनी, गोल. मधली जोडणी मिरजगावात कुणाकडे नव्हती. मग मी कोपऱ्यातला डबाच सुरू करून पाहिला. तो निळी स्क्रीन दाखवून बंद पडायचा. दर वेळी. मी ठरवलं, आतली सिस्टिम खराब झाली आहे, नवी या वयाच्या मशिनला झेपणार नाही, लिनक्स नावाची हलकी, फुकट मिळणारी सिस्टिम टाकू. मामांचे सगळे मसुदे एका वेगळ्या पेन ड्राइव्हवर कपाटात होते. त्यांना विचारलं, “मशिनमधलं सगळं पुसलं जाईल, चालेल का?” त्यांनी लगेच मान हलवली. मी पुसलं.

आणि आता लिनक्स चढेना.

माझे यजमान मोटार रिवायंडिंगचं काम करतात. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की शेतकरी त्यांच्याकडे घेऊन येतात. दुकान घराला लागूनच आहे. ते हात पुसत आत आले आणि माझ्यामागे उभे राहिले.

“साडेदहा झाले का गं?”

“दिसतंय मला.”

“नाही, घड्याळ बंद पडलंय का काय म्हणून विचारलं.” मग मामांकडे वळून, “दादा, मोटार असती तर एव्हाना भरून दिली असती मी. ही कसली टक्केवारी मोजत बसलीय बघा.”

मामांच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवी हसत नव्हती, पण तेवढ्याने भागत होतं.

“तुम्ही मोटारीत काय करता, सगळी तार एकदम उपसता का?” मी विचारलं.

“छे. आधी मीटर लावून बघायचं, कुठली फेज गेलीय.”

हे त्यांनी सहज म्हटलं आणि दुकानात गेले. मला मात्र ते लागलं. मी सकाळपासून मीटर न लावता तार उपसत होते. प्रत्येक वेळी अपयश आलं की पुन्हा तेच, जास्त जोरात. शाळेत मुलांना याच कारणावरून ओरडते मी.

मग ओळीने लागले. पेन ड्राइव्ह खराब असेल म्हणून दुसरा लावला. सत्तेचाळीस टक्क्यांवर बंद. लिनक्सची आणखी हलकी आवृत्ती लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि ती लावली. बारा टक्के. हार्ड डिस्क तपासली, तर ती ठणठणीत. आत्या खाटेच्या पायथ्याशी पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि स्क्रीनकडे पाहायचं टाळत होत्या.

“न्हाई झालं तर ऱ्हाऊ दे,” त्या हळूच म्हणाल्या.

“होईल.”

“मी म्हनते, ऱ्हाऊच दे. काय लिवनार हायेत ते मला ठावं हाय. कागदावर आलं की मग ऐकावं लागंल.”

मामांनी डोळे मिटून घेतले. त्यांना सगळं ऐकू येत होतं, हे आम्ही दोघी सारखं विसरायचो.

चूक प्रत्येक वेळी वेगळ्या जागी होत होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. एकतीस, चौसष्ट, सत्तेचाळीस, बारा. डिस्कला खड्डा असता तर गाडी रोज त्याच खड्ड्यात आदळली असती. जागा बदलत होती, म्हणजे घोळ मेमरीत असणार. मशिन ज्या पट्टीवर तात्पुरतं लिहून ठेवतं तिला रॅम म्हणतात. तिथं काही गडबड असली की मशिन आत्ता वाचलेलं पुढच्या क्षणी चुकीचं सांगतं. पेन ड्राइव्हच्या यादीतच मेमरी तपासायची सोय होती. ती सुरू केली. दोन मिनिटांत स्क्रीनवर लाल ओळी धावायला लागल्या, एकीखाली एक.

वायर काढली, डबा दारात उजेडाला नेला आणि आडवा केला. त्याच्या एका बाजूचा पत्रा नव्हताच. गरम होतं म्हणून दुरुस्तीवाल्याने कधीतरी काढला होता, तो परत बसलाच नव्हता. बॅटरी धरली. धूळ होती, ती अपेक्षित होती. कोळ्याचं जाळं होतं. आणि मेमरीच्या दोन्ही पट्ट्यांवर, मधोमध, हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट. खाली मुख्य बोर्डावर अक्षता. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या पंख्यात. मी पट्टी उपसली, तर खाचेतून लाल भुकटी सांडली आणि तिच्याबरोबर एक तांदूळ.

मला आधी काही कळलं नाही. मामा दर खंडेनवमीला मशिनची पूजा करायचे, हे खरं. त्यांच्या टाइपरायटरलाही त्या दिवशी फूल वाहिल्याशिवाय हात लावत नसत. पण त्यांचं कुंकू बाहेरच्या पत्र्याला, एवढंसं. या वर्षी मामा खाटेवर होते.

मी मान वर केली. आत्या दारात उभ्या होत्या, ओच्यात शेंगा तशाच.

“आत लावायचं नसतं व्हय?” त्यांनी विचारलं.

मी पट्टी खाली ठेवली.

“दसऱ्याला हेंनी खाटंवरनं बघितलं माझ्याकडं. मला वाटलं, मशिनीची पूजा ऱ्हायली म्हनत्यात. म्या केली. बाहेरनं लावून काय उपेग, म्हनलं, जीव आत असतो. म्हनून आत लावलं. दोन-दोन बोटं लावली, म्हनलं, हेंना गुन यावा.” ओच्यातल्या दोनचार शेंगा खाली पडल्या. “माज्यामुळं बिघडलं का गं?”

इथं खोटं बोलायचं असतं. मी तयारही होते, धूळ होती म्हणून सांगायला. पण कुंकू माझ्या बोटांना लागलेलं होतं आणि त्या काही खुळ्या नाहीत.

“बिघडलं नाही. अडकलं होतं,” मी म्हणाले. “साफ केलं की चालेल. खोडरबर आणता का?”

हे मला सुचलेलं सर्वांत बरं वाक्य होतं. हाताला काम मिळाल्यावर आत्या हलल्या. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासून काढायचे असतात, हा आमच्या लॅबमधला रोजचा उपाय आहे. एक पट्टी मी घासली, एक त्यांनी घासली. माझ्यापेक्षा त्यांची लखलखीत निघाली. तोंडाने त्यांचं चाललं होतं, “देवा चुकलं माकलं, मला काय ठावं, तुला कुंकू चालत न्हाई म्हनून.” यजमानांनी दुकानातून ब्लोअर आणून खाचांमधलं सगळं उडवलं. अंगणात हळदीचा एक छोटा ढग झाला आणि त्यांना शिंक आली.

“आई, माझ्या मोटारींना नको लावू हां पुढच्या दसऱ्याला. गिऱ्हाइकाच्या असतात.”

“गप ऱ्हा. तुज्या मोटारींना कोन इचारतंय.”

मेमरीची चाचणी पुन्हा लावली. अर्धा तास एकही लाल ओळ आली नाही. आता हेही कबूल करून टाकते की मामांची जुनी सिस्टिमसुद्धा मुळात धड असावी. तिलाही हाच त्रास होता. मी तपासायच्या आधी पुसली. चूक माझी, पण त्या दिवशी घरात चुकांची यादी करायला कुणाला वेळ नव्हता.

लिनक्स चढलं. एकतीस गेले, सत्तेचाळीस गेले, चौसष्टही गेले. दुपारी जेवायच्या आत मशिन तयार होतं. मोबाईलचं इंटरनेट जोडून मराठी कीबोर्डची यादी उघडली. तिच्यात जुन्या टाइपरायटरची मांडणी होती. एक अडचण मात्र राहिली. त्या मांडणीत निम्मी अक्षरं शिफ्ट दाबून धरल्याशिवाय येत नाहीत. एका हाताच्या माणसाने शिफ्ट धरायचं कशाने? शोधल्यावर त्यावरही तोड निघाली. सेटिंगमधल्या एका चौकोनात बरोबरची खूण केली की शिफ्ट एकदा दाबून सोडलं तरी पुढच्या अक्षरापर्यंत दाबलेलं राहतं. ज्याने कुणी हे करून ठेवलं, त्याच्या घरीही कुणीतरी एका हाताचं असावं.

जेवणं झाल्यावर मामांना बसतं केलं, खाटेला टेबल लावलं आणि कीबोर्ड त्यांच्या डाव्या बाजूला सरकवला. त्यांनी चकत्यांवरून हात फिरवला. एक अक्षर दाबलं. ते उमटलं. ते बराच वेळ त्या एका अक्षराकडे बघत राहिले. मी पाठ केली आणि भांडी आवरायला गेले, कारण मामा कुणी बघत असलं की टाइप करत नसत. कचेरीसमोरसुद्धा गिऱ्हाइकाला चहा प्यायला पिटाळायचे.

बाहेरच्या खोलीतून टक्… टक्… येत राहिलं. आत्या माझ्याजवळ ओट्याला टेकून उभ्या होत्या. पाऊण तास झाला, तास झाला.

“लई मोठं लिवत्यात,” त्या म्हणाल्या. “तूच वाच. आन् तसलं काय असलं, तर मला सांगू नगं.”

आवाज थांबला. मामांनी टेबलावर बोटाने दोनदा वाजवलं, बोलावताना वाजवायचे तसं. मी गेले. आत्या उंबऱ्यात थांबल्या. मी मोठ्याने वाचलं. काही काने-मात्रा सुटले होते, ते मी इथं भरून देते.

“प्रति, सौ. सूनबाई, मु. पो. मिरजगाव. विषय : अर्जदाराचे पत्नीस खाट मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंतीअर्ज सादर करतो की, अर्जदार दवाखान्यातून आल्यापासून अर्जदाराची पत्नी ही खाटेशेजारी फरशीवर एका चटईवर झोपत आहे. तिचे गुडघे दुखतात. रात्री उठताना ती खाटेचा पाय धरते व आवाज करीत नाही. आता थंडी सुरू झाली आहे. ती स्वतः कोणास सांगणार नाही. अर्जदाराने वेळोवेळी फरशीवर हात थापटून ही बाब निदर्शनास आणून दिली, परंतु त्याची दखल घेतली गेली नाही. तरी तिला आजच्या आज खाट देण्यात यावी, ही विनंती. आपला विश्वासू, अर्जदार.”

मागे हायवेवरून एक ट्रक गेला, तो पार लांब जाईपर्यंत ऐकू येत होता.

“एवढंच?” आत्या म्हणाल्या.

मामांनी मान हलवली.

“एवढंच हुतं?” आणि मग त्यांचा आवाज चढला. “आवो, म्हैनाभर माजा जीव टांगनीला लावला तुमी! वन्सं बेलापूरवरनं गंगा घिऊन आल्या! म्या अन्न सोडलं, आन् तुमी आपलं खाट-खाट करत हुता व्हय?”

मामांचं तोंड डावीकडून हसायला लागलं आणि मग खांदे हलायला लागले. त्यांना हसताना आवाज येत नव्हता, नुसती खाट वाजत होती. आत्या खाटेच्या कडेला बसल्या, पदर तोंडाला लावला आणि रडायला लागल्या. मी उभी होते. मला वाटलं, आता आपण काहीतरी बोलावं, पण मला एवढंच सुचलं की खाट कुठं आहे.

खाट माळ्यावर होती. यजमानांनी उतरवली. ती धुऊन उन्हात ठेवली. खरी कटकट पुढेच होती, कारण आत्यांना ती नको होती.

“ह्या वयात शेजारी शेजारी खाटा? बाहेरच्या खोलीत? येनारी जानारी हासतील.”

“हसू देत,” मी म्हणाले.

“तुला काय जातंय? आन् मी वर झोपले तर ह्यांचा हात कसा लागंल? राती पानी पायजे झालं की हात खाली सोडत्यात, माज्या खांद्याला लागतो, मी उठते. म्हनून तर भुईवर झोपते मी.”

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटायचं, पथ्य आहे, व्रत आहे, किंवा सवय. मामा आत्यांच्या गुडघ्यांसाठी भांडत होते आणि आत्या मामांच्या हातासाठी फरशीवर होत्या, आणि मधे मी पाटी-पेन्सिल, बाराखडीचा तक्ता आणि मोबाईल घेऊन फिरत होते.

ही दुसरी खाट डाव्या बाजूला लावली, मामांच्या चांगल्या हाताकडे. ती चार बोटं बुटकी निघाली. यजमानांनी पायांखाली विटा दिल्या. आता ती फार उंच झाली; मामांनी हात लांबवला, तो वर पोचला नाही. विटा काढून पातळ फळ्या दिल्या. मग पोचला. त्यांनी उशीवर दोनदा थापटी मारून पाहिली आणि मान हलवली. आत्या “बघा बाई” असं काहीतरी पुटपुटत चादर अंथरायला लागल्या, आणि बाहेरून दिसू नये म्हणून मधे एक पडदा हवा, असं म्हणाल्या. माझ्या जुन्या साडीचा पडदा मी दुसऱ्या दिवशी शिवला.

त्यानंतर मामा रोज दुपारी टाइप करतात. चहात साखर नसणेबाबत. फिजिओथेरपीवाला वेळेवर न येणेबाबत. चिरंजीवांनी दुकानातील ब्लोअरचा आवाज दुपारी दोन ते चार बंद ठेवणेबाबत. सगळे अर्ज माझ्या नावाने असतात आणि मी शक्य तेवढ्यांवर कार्यवाही करते. साखरेचा अर्ज दोनदा नामंजूर केला आहे.

मागच्या आठवड्यात त्यांनी टेबलावर वाजवलं म्हणून मी गेले, तर त्यांनी मानेने नाही म्हटलं आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं. मी आत्यांना पाठवलं. आत्या चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्यांनी चष्मा शोधला, पुसला, खुर्ची ओढून घेतली आणि स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचायला लागल्या. त्यांच्या आयुष्यातला तो बहुधा मामांचा पहिलाच निरोप होता, जो त्यांना पुढे दुसऱ्या कुणाला पोचवायचा नव्हता. “प्र… ति…” एवढं मला ऐकू आलं. मग मी कुकरची शिट्टी बघायला आत गेले आणि मधलं दार लोटून घेतलं.

त्यांना अर्धा तास लागला. त्यात काय होतं ते मी विचारलं नाही. संध्याकाळी मशिन बंद करायच्या आधी, रोज करते तसा मी मामांच्या फायलींचा पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतला. ती फाईलही घेतली, न उघडता.